दोरीवरचे स्टॅम्प

माझ्यावर सरकारच्या फसवणुकीचा आरोप झाला तेव्हा मी बनियनवर बाल्कनीत उभा होतो आणि माझ्या दोन्ही हातांत कपडे वाळत घालायचे चिमटे होते. माणसावर आरोप व्हायचाच असेल तर निदान अंगात इस्त्रीचा शर्ट असावा, असं माझं मत आहे. पण आरोप करणाऱ्यांना एवढी रसिकता नसते. खालच्या मजल्यावरून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मान वर करून ओरडले, "अहो कोर्टवाले! हे काय धंदे चालवलेत?" आणि आपल्या चहाच्या कपातून चमच्याने एक गुलाबी, ओला कागदाचा तुकडा काढून त्यांनी मला दाखवला.

तो कोर्ट फी स्टॅम्प होता. माझा होता. आणि धुतलेला होता.

हे सगळं मी न्यायव्यवस्थेच्या शुद्धीसाठी केलं, असं मी पुढे चौकशीत सांगितलं. ते खोटं नाही. पण खरं कारण डोंगरावर राहत होतं.

माझी बायको हवामान खात्यात निरीक्षक आहे. डोंगरावर त्यांचं एक केंद्र आहे, तिथे ठरलेल्या वेळी तापमान बघायचं, वारा बघायचा, ढग कुठल्या जातीचे आहेत ते ओळखायचं आणि आकडे खाली कळवायचे, हे तिचं काम. बसने तिथे जायला अख्खा दिवस लागतो. त्यामुळे लग्न झाल्यापासून आमचा संसार बहुतेक फोनवरच झाला. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "जेवले. आज इथे ढग फार खाली आलेत." या तीन वाक्यांत आमचं जेवढं प्रेम मावायचं तेवढं मावायचं, उरलेलं फोन ठेवल्यावर मी घरभर घेऊन फिरायचो. पेपरच्या शेवटच्या पानावर गावागावांची तापमानं छापून येतात. लोक आपल्या गावाचं वाचतात. मी तिच्या डोंगराचं वाचायचो. तो आकडा तिने सकाळी उठून, वाकून, डोळे बारीक करून बघितलेला असायचा. पारा उतरलेला दिसला की मला वाटायचं, हिने शाल घेतली असेल का? आणि मग दिवसभर मलाच थंडी वाजायची.

डोंगरावरच्या त्या गावात एक छोटं कोर्ट आहे. मी कोर्टात कारकून आहे. यातून कुठल्याही समंजस माणसाला जे सुचेल ते मलाही सुचलं होतं, आणि मी बदलीचा अर्ज केला होता. आमचे शिरस्तेदार, म्हणजे आम्हा कारकुनांचे वरिष्ठ, यांनी तो 'प्रशासकीय कारणास्तव' परत पाठवला. मी पुन्हा केला. तो पुन्हा परत आला. प्रशासकीय कारण काय, असं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते सांगता येत नाही, हेच प्रशासकीय कारण."

आता माझ्या कामाविषयी. लोक दावे दाखल करतात, त्यांवर कोर्ट फीचे स्टॅम्प चिकटवलेले असतात. ते कागद माझ्या खिडकीत येतात आणि मी त्या स्टॅम्पला भोक पाडतो, म्हणजे तोच स्टॅम्प कुणी काढून दुसऱ्या कागदावर लावू नये. लग्नाच्या वेळी माझ्या मेहुण्याने सगळ्या पाहुण्यांना माझी ओळख "हे कोर्टात भोकं पाडतात" अशी करून दिली होती. तेव्हापासून मी त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. शिवाय ते खरंही नव्हतं. भोक पाडायचं यंत्र माझ्या टेबलावर होतं, पण त्याची धार माझ्या नोकरीच्या आधीच गेली होती. त्याने स्टॅम्पला भोक पडायचं नाही, फक्त गुदगुल्या व्हायच्या. नवीन यंत्र मागितलं की वरून विचारणा यायची, 'जुने यंत्र निकामी असल्याचा तंत्रज्ञाचा दाखला जोडावा.' आणि आमच्या कार्यालयात तंत्रज्ञाचं पदच नव्हतं. म्हणून मी आपला शाईने स्टॅम्पवर फुली मारत असे. माझ्या फुलीला एका टोकाला शेपटी असते. सवयच ती.

एके दिवशी एका नव्या कोऱ्या दाव्यावर मला एक फिकट स्टॅम्प दिसला. उजेडात धरला तर त्यावर एक पुसट फुली. शेपटीवाली! माझीच फुली धुऊनपुसून माझ्याकडे परत आली होती. कुणीतरी निकाली फायलींतले स्टॅम्प काढत होतं, धूत होतं आणि पुन्हा विकत होतं. मी धावत शिरस्तेदारांकडे गेलो. त्यांनी स्टॅम्प बघितला, मला बघितलं, आणि म्हणाले, "डोळे तपासून घ्या."

पण त्याच सुमारास वरून परिपत्रक आलं. स्टॅम्पच्या गैरव्यवहाराला आळा घालण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवल्या होत्या, आणि खाली लिहिलं होतं, 'उत्कृष्ट सूचनेची योग्य ती दखल घेतली जाईल.' मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की त्यातून डोंगर दिसायला लागला.

मी बायकोला फोन केला. "अगं, दखल घेणार आहेत."

"अहो, दखल म्हणजे बदली, असं कुठे लिहिलंय?"

"योग्य ती दखल म्हटलंय. माझ्या बाबतीत योग्य दुसरं काय असणार?"

ती म्हणाली, "करून बघा." तिच्या आवाजात आशा होती. आशा लपवताना तिचा आवाज नेहमी जरा रुक्ष होतो, म्हणून मला कळते.

नुसतं 'शाई धुऊन निघते' असं लिहून भागलं नसतं. पुरावा हवा. तेव्हा मी कोर्टाच्या फाटकाजवळच्या स्टॅम्पवाल्याकडून माझ्या खिशातले पैसे घालून थोडे स्टॅम्प घेतले, टेबलावरची शाईची बाटली पिशवीत टाकली आणि घरी येऊन स्वयंपाकघरात प्रयोगशाळा उघडली. फुली मारायची, वाळवायची, धुवायची. साबण लावला, तर स्टॅम्पचा लगदा झाला. गरम पाणी वापरलं, तर फुली राहिली आणि स्टॅम्प गेला. तेव्हा मला गुन्हेगारांबद्दल प्रथमच आदर वाटला. वाटतं तितकं ते सोपं नसतं.

आणि इथे मी चूक केली. समोरच्या वहिनींना मी सहज विचारलं, की भाऊंच्या खिशाला शाई लागली तर तुम्ही काय करता? वहिनींनी तीन उपाय सांगितले आणि चौथा आठवतो का म्हणून आपल्या बहिणीला फोन लावला. बहिणीने लिंबू सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या जिन्यावर जो भेटेल तो मला डाग काढायचे उपाय सांगू लागला. माझा कुठला कपडा खराब झालाय याची चौकशी करत दोघी जणी घरात येऊन गेल्या. बायको जवळ नाही म्हणून बिचाऱ्याला कपडेही धुता येत नाहीत, असं एक कारुण्य माझ्याभोवती जमा झालं. मला त्यांना सांगावंसं वाटलं, की बायको जवळ नाही म्हणून बरंच काही जमत नाही, पण कपडे जमतात. सांगितलं नाही. तेवढं कारुण्य चालण्यासारखं होतं. शिवाय कुणी ना कुणी जेवायचा डबा आणून देत होतं.

शेवटी वरच्या मजल्यावरचे रंगवाले काका मदतीला आले. ते रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. माझा प्रश्न ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर असा तजेला आला, की मलाच भरून आलं. "शाईशी मारामारी करायची नसते," ते म्हणाले, "तिला समजावून बाहेर काढायची." त्यांनी एका वाटीत काहीतरी कालवलं. काय कालवलं ते मी चौकशीतही सांगितलं नाही आणि इथेही सांगणार नाही. स्टॅम्प त्यात बुडवला. फुली आधी निळी झाली, मग जांभळी, मग ती मावळत गेली. शेपटी सर्वांत शेवटी गेली. वाटीतून जो स्टॅम्प बाहेर आला तो सरकारने नुकताच छापल्यासारखा होता.

रविवारी दुपारी मी असे बरेच स्टॅम्प धुऊन बाल्कनीतल्या दोरीवर चिमट्यांनी लावले. आत फॅनखाली वाळवता आले असते, हे मला नंतर निदान वीस जणांनी सांगितलं. पण त्या क्षणी मला फक्त तिला सांगायची घाई होती. मी फोन लावला आणि बाल्कनीतूनच ओरडलो, "अगं, निघाली! फुली निघाली! आता कुणाला सांगूनही खरं वाटणार नाही!"

"अहो, हळू बोला. आणि दोरीवरचं काढून घ्या, दुपारनंतर तुमच्याकडे वारा सुटणार आहे."

"इथे पानसुद्धा हलत नाहीये."

"सुटेल."

आपल्या बायकोचं ऐकावं, विशेषतः ती हवामान खात्यात असताना. मी फोन ठेवला आणि वारा सुटला. अर्धे स्टॅम्प दोरीवरून उडाले, गिरक्या घेत खाली गेले, आणि त्यातला एक सेक्रेटरींच्या चहात पडला. पुढचं मी सुरुवातीला सांगितलंच आहे. सेक्रेटरींचं आणि माझं स्कूटर लावायच्या जागेवरून आधीपासून वाकडं होतं. त्यांनी तो स्टॅम्प टिपकागदात ठेवला आणि सोमवारी सकाळी माझ्याआधी माझ्या कार्यालयात पोहोचले.

मला नोटीस मिळाली. 'आपण आपल्या राहत्या घराच्या बाल्कनीत न्यायालयीन शुल्काचे मुद्रांक उघडपणे वाळत घातल्याचे निदर्शनास आले आहे.' मला बाकी कशाचं नाही, 'उघडपणे' या शब्दाचं वाईट वाटलं. गुपचूप वाळत घातले असते तर चाललं असतं का? मी परिपत्रक दाखवलं, प्रयोग समजावून सांगितला, शेपटीची गोष्ट सांगितली. शिरस्तेदार म्हणाले, "चोर पकडण्यासाठी चोरी करत होतो, हे प्रत्येक चोर सांगतो." आणि चौकशी होईपर्यंत मला निलंबित केलं.

घरी येऊन मी खुर्चीत बसलो. अपमानाने कान तापले होते. पण मग हळूच एक विचार आला आणि मी ताठ झालो. निलंबित! म्हणजे रजाच की. कितीही दिवस. मी बॅग काढली, त्यात कपडे कोंबले, तिला आवडतात त्या बिस्किटांचा पुडाही ठेवला, आणि मग नोटिशीची शेवटची ओळ वाचली. 'चौकशीच्या कालावधीत आपण हे गाव सोडू नये व रोज सकाळी कार्यालयात हजेरी द्यावी.' जे काम करायला मला मनाई होती, त्या कामाच्या जागी मी रोज जायचं होतं. आणि जिच्याकडे जायला मला वेळच वेळ होता, तिच्याकडे जायचं नव्हतं. बिस्किटांचा पुडा मी बॅगेतून काढून डब्यात ठेवला. त्या दिवशी पेपरात डोंगरावर धुकं असल्याचं लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी दाराची बेल वाजली. दारात ती. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात छत्री.

"अगं, तू? रजा कशी मिळाली?"

"दुसऱ्या निरीक्षकाला म्हटलं, नवरा अडकलाय. त्याला वाटलं दरीत. आधी नोटीस दाखवा." तिने उभ्या उभ्याच वाचली. मग म्हणाली, "'उघडपणे' बरोबर लिहिलंय," आणि हसता हसता रडायला लागली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत बदनामीचे होते आणि मला ते संपू नयेत असं वाटत होतं. दाराशी तिच्या चपला होत्या. आरशासमोर तिचा कंगवा होता. ती पहाटे सवयीने उठून बाल्कनीत जायची, आकाशाकडे बघायची आणि मला झोपेतच सांगायची, "आज काही विशेष नाही." मला ते जगातलं सर्वांत विशेष वाक्य वाटायचं. सकाळी मी हजेरीची सही करायचो आणि जवळजवळ पळत घरी यायचो. लोकांना वाटायचं, शरमेने पळतोय. वहिनींनी तर हिला बाजूला घेऊन सांगितलं, "जपा हो त्यांना, मनाला फार लावून घेतलंय." तिने घरी आल्यावर मला ते सांगितलं तेव्हा मी भाजी चिरत गाणं म्हणत होतो.

अशाच एका संध्याकाळी फाटकाजवळचा स्टॅम्पवाला आमच्याकडे आला. कधी नव्हे ते मला 'साहेब' म्हणाला. इकडेतिकडे बघून खुर्चीच्या टोकावर बसला.

"साहेब, मानलं तुम्हाला. चहात पडलेला स्टॅम्प बघितला मी, शिरस्तेदारांच्या टेबलावर. काय काम आहे! आमचा माणूस धुतो, पण फिकट राहतात."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून ही चहा घेऊन आली आणि अगदी सहज म्हणाली, "यांचं काम स्वच्छच असतं. पण माल कुठला आहे ते बघितल्याशिवाय हे हात लावत नाहीत."

"रेकॉर्ड रूममधला आहे, वहिनी. आपलाच माणूस आहे तिथे. नुसत्या शाईच्या फुल्या असतात, भोक एकालाही नाही." त्याने खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "नमुना ठेवून जातो. जमलं तर भागीत करू."

तो गेल्यावर आम्ही पाकीट उघडलं. आत स्टॅम्पच स्टॅम्प, आणि प्रत्येकावर माझी शेपटीवाली फुली. मी सुटलो होतो. मी तिला उचलायचा प्रयत्न केला. तो वयोमानाने फसला, पण भावना पोहोचली.

दुसऱ्या दिवशी पाकीट खिशात घालून मी कार्यालयात गेलो. शिरस्तेदार रंगात होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "चौकशीला उद्या दुसऱ्या कोर्टाच्या न्यायाधीश बाई येतायत. दोषी ठरलात ना, तर नोकरी राहील, पण कुठे जाल माहीत आहे? डोंगरावर! ती जागा आम्ही त्यासाठीच ठेवली आहे. मागणाऱ्याला देत नाही. मागणारे जाऊन बसले तर शिक्षा झालेल्यांना पाठवायचं कुठे?"

हे ते प्रशासकीय कारण!

माझा चेहरा इतका उजळला, की त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. मी पाकीट खिशातच ठेवलं आणि तरंगत घरी आलो.

"काही करायचं नाही!" मी तिला म्हटलं. "नुसतं दोषी ठरायचं! आरोप नाकबूल करायचा नाही, पाकीट दाखवायचं नाही. पंधरा दिवसांत मी तिथे! मी आणि तू! एका गावात, एका घरात!"

ती बॅग भरत होती. तिची रजा त्या दिवशी संपत होती. तिने हातातली घडी केलेली साडी पलंगावर ठेवली. "चोर म्हणून येणार?"

"अगं, तिथे कोण ओळखतंय?"

"मी ओळखते ना." ती शांतपणे म्हणाली. "अहो, तुम्हाला काय वाटतं, मला नको आहात तुम्ही तिथे? रोज संध्याकाळी वरून खालचा रस्ता दिसतो. बस वळताना दिसते. तुम्ही त्यात नाही हे मला माहीत असतं, तरी ती थांबेपर्यंत मी बघते. पण एक दिवस तुम्ही त्यातून उतराल आणि लोक म्हणतील, हा बघा स्टॅम्प धुणारा आला. ते मला नाही सहन व्हायचं. त्यापेक्षा मी एकटी राहीन."

"मला नाही राहवत एकट्याला," मी म्हणालो. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी फोनवर कधी बोललो नव्हतो. समोरासमोर ते फार मोठं वाटलं. ती उठली, साडी बॅगेत ठेवली आणि चेन लावली.

बसच्या खिडकीतून ती एवढंच म्हणाली, "पाकीट द्या हं." बस सुटली. मी हात हलवत राहिलो. शेजारच्या बसचा कंडक्टर म्हणाला, "साहेब, गेली ती." मी म्हटलं, "हो, दिसतंय."

रिकाम्या घरात आरशासमोर कंगवा नव्हता. पाकीट टेबलावर ठेवून मी त्याच्यासमोर बसलो. दिलं नाही तर ती भेटणार होती, पण तोंड फिरवून. दिलं तर ती माझ्याकडे बघणार होती, पण लांबून. माझ्यासारख्या माणसाला असले पेच झेपत नाहीत. मी शर्टाला इस्त्री केली. निदान या वेळी तरी.

चौकशीच्या बाई करड्या शिस्तीच्या होत्या. चष्म्यावरून बघायच्या. मी पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी प्रयोग करून दाखवायला सांगितला. रंगवाले काका वाटी घेऊन बाहेर सकाळपासून तयार बसलेले होतेच. त्यांनी नवा कोट घातला होता. भर कोर्टात फुली निळी झाली, जांभळी झाली, मावळली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठून बघत होत्या. मग त्यांनी टेबलावरचं यंत्र मागवलं, एका कागदावर दाबलं, कागद उजेडात धरला आणि शिरस्तेदारांना म्हणाल्या, "हे भोक पाडायचं यंत्र आहे की इस्त्री?"

संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड रूममधला माणूस आणि स्टॅम्पवाला दोघंही एकमेकांची नावं सांगून मोकळे झाले. मी निर्दोष सुटलो. नवीन यंत्र आलं, इतकं धारदार, की पहिल्या दिवशी त्याने दाव्यासह माझ्या शर्टाच्या बाहीला भोक पाडलं. माझ्या खिडकीत स्टॅम्पला एकदा भोक पाडायचं, आणि फाईल रेकॉर्ड रूममध्ये गेली की तिथे वेगळ्या आकाराचं दुसरं, असा नियम माझ्या सूचनेवरून झाला. सेक्रेटरींनी स्कूटरची जागा मला देऊन टाकली. आणि माझ्या कार्याची योग्य ती दखल घेण्यात आली. शिरस्तेदारांनी माझ्या बदलीच्या अर्जावर लिहिलं, 'सदर कर्मचारी या कार्यालयास अत्यावश्यक असल्याने त्यांना कधीही सोडता येणार नाही.'

'कधीही' हा शब्द मी बोटाने पुसून बघितला. शाई पक्की होती.

तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन." मग म्हणाली, "जेवलात का?" मी जेवलो म्हटलं. दोघंही खोटं बोलत होतो, मी जेवणाबद्दल आणि ती अभिनंदनाबद्दल.

चौकशीच्या बाई अंतिम अहवालावर सही करायला आल्या त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो. "बाई, एक विनंती आहे. माझ्यावर थोडा तरी ठपका ठेवा."

त्यांनी चष्मा काढला. "काय ठेवू?"

"ठपका. फार मोठा नको. फसवणूक, लबाडी असलं काही नको, ते घरी चालणार नाही. पण डोंगरावर पाठवता येईल इतपत." आणि मग मी त्यांना सांगितलं. हवामान केंद्र, फोन, बस, प्रशासकीय कारण. सांगता सांगता मला वाटलं, आता या मला पुन्हा निलंबित करणार. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "माझे मिस्टर जहाजावर होते. तेवीस वर्षं." एवढंच. मग चष्मा लावून त्यांनी माझी फाईल उघडली आणि पानं उलटायला लागल्या.

"ती शाई. प्रयोगाला वापरलेली. कुठून आणली?"

"टेबलावरची. कार्यालयाची."

"लेखी परवानगी घेतली होती?"

"नाही!" मी इतक्या आनंदाने म्हणालो, की बाहेरचा शिपाई डोकावला.

"सरकारी शाई परवानगीविना घरी नेली," बाई लिहीत म्हणाल्या. "हा निष्काळजीपणा आहे. अप्रामाणिकपणा नाही. पण शिस्त म्हणून याची दखल घ्यावी लागेल. आता काही म्हणायचंय?"

"काही नाही. मी दोषी आहे."

शिरस्तेदारांनी माझ्या निरोपसमारंभात माझ्याबद्दल सहानुभूतीचं भाषण केलं. एका बाटली शाईपायी माणूस कुठच्या कुठे गेला, असंही ते म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण वर केली असती तर हसू दिसलं असतं. फोनवर तिला म्हटलं, "अगं, शिक्षा झाली. पण चोरीची नाही, वेंधळेपणाची." ती म्हणाली, "मग ठीक आहे. ते सगळ्यांना माहीतच आहे." कधी येणार ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

बस संध्याकाळी पोहोचली. सामान थांब्यावरच्या दुकानात ठेवून मी चढण चढून वर गेलो. हवा थंड होती आणि मला धाप लागली होती. कुंपणाच्या आत हिरवळीवर तापमापक ठेवायची पांढऱ्या पट्ट्यांची एक पेटी उंच पायांवर उभी होती, आणि तिच्यापाशी पाठमोरी ती. खांद्यावर शाल, हातात वही. फाटकावर पाटी होती, 'निरीक्षणाच्या वेळी प्रवेश बंद.' नुकतीच शिक्षा भोगायला आलेला माणूस मी, पाटी बघून बाहेरच उभा राहिलो.

तिने पेटीचं दार उघडलं. वाकली. डोळे बारीक केले. आकडा बघून वळली, वहीवर पेन टेकवलं, आणि सहज वर बघितलं.

मी कुंपणाच्या तारेला धरून उभा होतो. काहीतरी मोठं बोलायचं ठरवून आलो होतो, ते आठवेना. तिच्या हातातलं पेन तसंच राहिलं. वाऱ्याने वहीची पानं फडफडली, तिने ती धरलीसुद्धा नाहीत. ती दोन पावलं माझ्याकडे आली, थांबली, आणि डोळे पुसत म्हणाली,

"थांबा हं जरा. आकडा विसरले."

आणि ती पुन्हा पेटीकडे गेली.